हिऱ्याचं पाणी जोखताना

हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर कॅरट (वजन), रंग, क्लॅरिटी (निर्मळपणा) आणि कट (पैलूंची घडण) एकाखाली एक छापलेले असतात, जणू एकाच बैठकीत ठरले असावेत. प्रत्यक्षात या चार मापांमध्ये शतकांचं अंतर आहे. आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात जे सगळ्यात आधी भरतं, त्याचं माप सगळ्यात शेवटी आलं.

वजन सर्वांत जुनं. सहाव्या शतकात वराहमिहिर 'बृहत्संहिते'त 8 पांढऱ्या मोहऱ्यांचा 1 तांदूळ धरतो आणि 20 तांदूळ भाराच्या हिऱ्याची किंमत 2 लाख सांगतो. चांगला हिरा पाण्यावर तरंगतो, असंही त्याच ग्रंथात आहे. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड, त्यामुळे या परीक्षेत एकही पास झाला नसता! कॅरट हा शब्द आला भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब झाडाच्या बियांवरून. त्या बिया अगदी सारख्या भरतात हा समज, पण त्या तशा भरत नाहीत. शहरागणिक कॅरटही वेगळा होता. तो 200 मिलिग्रॅमवर स्थिरावला तो 1907 च्या आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेनंतर. (सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो; मूळ शब्द एकच, म्हणून गोंधळ.)

रंगाला पूर्वी 'पाणी' म्हणत, आपल्याकडेही आणि युरोपातही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर हिरे घ्यायला आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए लिहितो की, युरोपात हिरा दिवसाउजेडी पाहतात, इथले लोक मात्र रात्री पाहतात: भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा आणि हिरा बोटांत धरून त्याच्या उजेडात पाणी जोखायचं. निळसर झाक लपून राहते, ती हुडकायला दाट पानांच्या झाडाखाली जावं, हा त्याचा सल्ला. हिरवट सावलीत ती उघडी पडते.

पुढे दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि खाणींची, प्रदेशांची नावंच रंगांना चिकटली. 'वेसेल्टन' म्हणजे शुभ्र, 'केप' म्हणजे पिवळसर. शिवाय जो तो आपल्या मालाला ए, डबल ए, ट्रिपल ए असे शिक्के मारी. म्हणून 1953 मध्ये अमेरिकेतल्या जीआयए या रत्नशास्त्र संस्थेच्या रिचर्ड लिडिकोट यांनी श्रेणी सुरू केली ती थेट 'डी'पासून. आधीची अक्षरं पार बदनाम झाली होती. आजही परीक्षक हिरा पालथा ठेवतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी, आणि बाजूने बघतो. सरळ ठेवला तर लखलखाटात पिवळेपणा लपतो.

क्लॅरिटीची श्रेणीही त्याच वेळची. डाग 10 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिसला तरच मोजायचा. 'फ्लॉलेस' (निर्दोष) या शब्दाला तेवढाच अर्थ आहे. त्याहून मोठ्या भिंगाखाली काय दिसेल, याची ग्वाही त्यात नाही.

उरला कट, आणि खरी मेख तिथेच आहे. बाकीची तीन निसर्गाची देणगी, हे माणसाच्या हातचं काम. 1919 मध्ये मार्सेल टोल्कोव्हस्कीने प्रकाशाचं गणित मांडून गोल ब्रिलियंटचे, म्हणजे खूप पैलूंच्या गोल हिऱ्याचे, कोन काढले: वरचे मुख्य पैलू 34.5 अंश, खालचे 40.75. खालची बाजू उथळ राहिली, तर काठाचं प्रतिबिंब आत पांढऱ्या कड्यासारखं दिसतं. धंद्यात त्याला 'फिशआय' म्हणतात. जास्त खोल गेली, तर मध्यभाग काळवंडतो. तरीही कारागीर वजन वाचवायला कोनात तडजोड करत आले, कारण भाव वजनावर ठरतो. 0.98 कॅरटचा देखणा हिरा आणि 1.00 चा जरा मंद हिरा यांत बाजार बरेचदा दुसऱ्याला जास्त पैसे देतो, हे मला अजूनही पटत नाही.

कॅरट ठरल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी, 2006 मध्ये, जीआयएने आपल्या रिपोर्टवर कटची श्रेणी छापायला सुरुवात केली. तीही फक्त गोल ब्रिलियंटसाठी.