जलसंजीवनीची पार्श्वभूमी : ३११ वरून २४५

परासरण, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी घट्ट द्रावणाकडे जाणं, शाळेतच शिकून झालेलं असतं : बेदाणा पाण्यात फुगतो, मिठातली कैरीची फोड आकसते. १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यावर त्याची नोंद झाली. त्यानंतरची दोनशे वर्षं इथे सोडून देऊ. जलसंजीवनीची (ओआरएस), म्हणजे जुलाबात पाजायच्या साखर-मिठाच्या पाण्याची, गोष्ट १९६० पासूनची. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमच्या जोडीनेच शिरतं, अशी मांडणी त्या वर्षी प्रागमधल्या परिषदेत झाली. दोघांपाठोपाठ पाणीही आत जातं. कॉलऱ्याचं विष पाणी बाहेर ओतत असतानाही हा रस्ता बंद होत नाही.

१९६८ पर्यंत ढाका आणि कोलकात्यात रुग्णांवर याची खात्री पटली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला कॉलऱ्याने आजारी पडलेल्या बांगलादेशी निर्वासितांसाठी सलाइन पुरेना, तेव्हा ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, तोंडं तापल्या इस्त्रीने चिकटवून, पिशव्या कोलकात्याहून गेल्या. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चारच्या खाली आले.

वाद झाला तो नंतर, प्रमाणावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पाकिटात लिटरला सोडियम ९०, ग्लुकोज १११ मिलिमोल. सगळे क्षार धरून ३११ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप). रक्ताचा आकडा साधारण २९०. म्हणजे द्रावण रक्ताहून घट्ट. साध्या जुलाबाच्या मुलात न शोषलेलं ग्लुकोज आतड्यातच राहिलं, तर ते उलट पाणी खेचतं. म्हणून २००२ मध्ये दोन्ही ७५ वर आणले, एकूण २४५. चाचण्यांत सलाइन लावावं लागणारी मुलं सुमारे एक तृतीयांशाने घटली.

पण कॉलऱ्याचा प्रौढ रुग्ण सोडियम भरमसाट गमावतो. त्याला ७५ पुरेल का, रक्तातलं सोडियम घसरणार नाही का, हा आक्षेप कॉलरा रोज पाहणाऱ्यांचा होता आणि तो पोकळ नव्हता. दोन पाकिटं ठेवता आली असती. पण मग कुणाला कोणतं, हे गावातल्या आरोग्यसेविकेने कसं ठरवायचं? एकच ठरलं. मला तो निर्णय पटतो, पण त्यात विज्ञानाइतकीच सोयही होती, हे कुणी फारसं बोलत नाही.

तरी साडेवीस ग्रॅमचं ते पाकीट लिटरऐवजी पेलाभर पाण्यात ढवळणारे आहेतच. घट्ट म्हणजे गुणकारी! ‘ओआरएस’ नावाने विकल्या गेलेल्या गोड पेयांचंही तेच. पाकिटावर इशारा छापून हे नाव वापरायची मुभा २०२२ मध्ये मिळाली होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून घेतली गेली.