भोक दिसतं तेव्हा किडा निघून गेलेला असतो

खुर्चीच्या पायाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की आपण म्हणतो, भुंगा लागला. खरं तर ते भोक भुंगेऱ्याने बाहेर पडताना पाडलेलं असतं. लाकूड पोखरण्याचं काम त्याआधीच, अळी असताना झालेलं असतं. फर्निचर पोखरणाऱ्या एका युरोपीय भुंगेऱ्याची अळी 2 ते 5 वर्षं आत राहते. जुन्या इमारतींच्या ओक तुळयांमधल्या ‘डेथवॉच’ भुंगेऱ्याच्या अळीला कधीकधी 10 वर्षंही लागतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो लिक्टस नावाचा भुंगेरा. याच्या अळीला लाकडातला स्टार्च हवा असतो. म्हणून मादी अंडी घालण्याआधी लाकूड चक्क चावून पाहते! पृष्ठभागावर तिच्या चाव्याचे बारीक ओरखडे उठतात. स्टार्च पुरेसा असेल, तर ती शेपटाकडची लांब नळी लाकडाच्या उघड्या रंध्रांत घालून आत अंडी सोडते. पाईनसारख्या लाकडात अशी रंध्रं नसतातच, त्यामुळे ते लिक्टसपासून सुरक्षित असतं. रुंदपानी झाडांच्या गाभ्याच्या लाकडात स्टार्च जवळपास नसतो. किडतं ते सालीलगतचं फिकट लाकूड. लाकूड विकत घेताना हा फिकट भाग जरूर बघावा.

भोकांतून पडणारी लाकडाची भुकटीही वेगवेगळी असते: लिक्टसची मैद्यासारखी मऊ असते, फर्निचर भुंगेऱ्याची चिमटीत खरखरीत लागते. कीड अजून जिवंत आहे का, हे भोकांवरून ठरवू नका. भुकटी झाडून खाली काळा कागद ठेवा. वस्तू न हलवताही काही आठवड्यांत पुन्हा भुकटी पडली, तर आत अळ्या असण्याची दाट शक्यता आहे. पॉलिशने रंध्रं बुजतात आणि नवी अंडी टळतात, पण आतली अळी मरत नाही.

जिवंत झाडांचं नुकसान तर भरून न येणारं. ॲश नावाची झाडं पोखरणारा हिरवा ॲश-पोखर किडा मूळचा पूर्व आशियातला. 2002 मध्ये तो अमेरिकेत मिशिगन राज्यात सापडला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा. त्याच्या अळ्या सालीखालचा अन्न वाहून नेणारा थर कुरतडतात आणि झाड काही वर्षांत उपाशी मरतं. तिथली कोट्यवधी ॲश झाडं अशी गेली. आता देशाबाहेर जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यातला एक मान्य उपाय असा: लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवायचं, आणि मगच त्यावर शिक्का मारायचा.