कार्ब्युरेटर ट्यूनिंग (टू-स्ट्रोक दुचाकी)

इंजिनाला प्रत्येक वेगाला आणि भाराला हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण मिळावे म्हणून कार्ब्युरेटरमधील जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे छिद्राचे भाग), निडल (जेटमध्ये वरखाली होणारी निमुळती सुई), स्लाइड (हवेचा मार्ग उघडणारी सरकती झडप) व स्क्रू यांची केलेली जुळणी. भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेल्या ९८ घ.सें.मी.च्या यामाहा आरएक्स १०० सारख्या गाड्यांचे पोर्टिंग (सिलिंडरमधील वायुमार्ग कोरून मोठे करणे) केले किंवा सायलेन्सर बदलला, की मूळ जेट अपुरे पडतात आणि ही जुळणी नव्याने करावी लागते.

शिकणाऱ्याने पहिल्यांदा मनात पक्के करायचे ते हे, की स्लाइड प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये कोणता भाग काम करतो हे इंजिनाच्या फेऱ्यांवरून नव्हे, तर थ्रॉटल (मूठ फिरवून उघडणारा हवेचा मार्ग) किती उघडला आहे यावरून ठरते. बंद थ्रॉटलपासून सुमारे १/८ पर्यंत पायलट जेट (मंद गतीचा छोटा जेट) व एअर स्क्रू (त्याची हवा कमीजास्त करणारा), १/४ पर्यंत स्लाइडचा तिरकस काप, तेथून ३/४ पर्यंत निडल आणि त्यापुढे मेन जेट प्रभावी असतो. हद्दी मात्र एकमेकींत मिसळतात. म्हणून मुठीवर आणि थ्रॉटलच्या आवरणावर खुणेची पट्टी चिकटवून चाचणी घेण्याची पद्धत साधी असली तरी फार उपयोगी आहे.

आधी इग्निशनची (ठिणगी पडण्याची) वेळ, फ्लोटची (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आणि कुठून हवा ओढली जात नाही ना, हे तपासावे. मग मुद्दाम मोठा मेन जेट बसवून एकेक क्रमांकाने खाली यावे. लहान जेटपासून सुरुवात करणे धोक्याचे असते, कारण टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे ऑइल मिश्रणाबरोबरच आत जाते आणि पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवते. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झाले की गाडी काही क्षण विलक्षण मोकळी पळते आणि मग पिस्टन जाम होतो. हा मोकळेपणा ओळखायला शिकणे हाच या कौशल्याचा सर्वांत कठीण भाग होय. नवा स्पार्क प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर धाव घ्यावी, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि प्लगच्या चिनी मातीच्या बुडाशी असलेला रंग पाहावा: पांढरा असल्यास मिश्रण लीन, ओलसर काळा असल्यास रिच (पेट्रोल जास्त), तपकिरी असल्यास ठीक.

निडलची क्लिप एक खाच वर सरकवली की निडल खाली उतरते आणि मिश्रण लीन होते. नवशिक्यांची गल्लत येथेच होते. एअर स्क्रू बाहेर काढल्यासही मिश्रण लीनच होते. घाट चढून उंचावर गेल्यावर हवा विरळ होऊन तीच जुळणी रिच ठरते, त्यामुळे किनाऱ्यावर बसवलेला मेन जेट महाबळेश्वरला मोठा वाटू लागतो.