सिझरच्या वेळी बीपी का पडतं?

सांगली-मिरजेत कुणाच्या घरी सिझर झालं की भेटायला गेलेल्यांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "पाठीत इंजेक्शन दिलं आणि तिचं बीपी एकदम लो झालं बघा". ऐकणाऱ्याला वाटतं डॉक्टरांचं काहीतरी चुकलं. पण बीपी पडणं हे या भुलीत अगदी कॉमन आहे आणि भुलीचे डॉक्टर त्याची तयारी करूनच उभे असतात.

होतं काय, तर मणक्यात बुपिवाकेन नावाचं औषध देतात, साधारण २ मिली, त्यानं छातीपर्यंत बधिर होतं. पण दुखणं कळवणाऱ्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात, मग पायाकडच्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्त तिथंच साठतं. उसाचा पाट रुंद केला की पाणी तेवढंच असून पातळी उतरते, तसं. त्यात उताणं झोपल्यावर भरलेली गर्भपिशवी पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबते, हृदयाकडे येणारं रक्त अजूनच कमी. म्हणूनच टेबल डावीकडे कलतं करतात.

आणि वारेतून बाळाला मिळणारं रक्त आईच्या बीपीवरच चालतं, त्यामुळं इथं ढिलाई चालत नाही.

नुसती सलाईन चढवून भागत नाही. आता सलाईनबरोबर फेनिलएफ्रिन हे वाहिन्या आवळून बीपी टिकवणारं औषध सुरू करतात, तेही बीपी पडायची वाट न बघता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत म्हटलंय की वरचं बीपी मूळच्या ९० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे १२० असेल तर १०८ च्या वर, आणि ८० टक्क्यांच्या, म्हणजे इथं ९६ च्या खाली गेलं तर ताबडतोब उपाय करा. फेनिलएफ्रिननं नाडी मंदावू शकते, तशी मंदावली आणि बीपीही कमी असेल तर इफेड्रिन हे बीपी वाढवणारं दुसरं औषध देतात. पण इफेड्रिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून पहिली पसंती फेनिलएफ्रिनलाच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मळमळ. अचानक मळमळलं, गरगरलं, "कसंतरी होतंय" असं वाटलं तर बऱ्याचदा बीपी उतरायला लागलेलं असतं, कधीकधी तर मशीनवर पुढचा आकडा यायच्या आधीच. आपल्याकडच्या पोरी डॉक्टरांना उगाच त्रास कशाला म्हणून गप्प पडून राहतात. असं अजिबात करू नका, उशाशी भुलीचे डॉक्टर असतात, त्यांना लगेच सांगा.

बाळ बाहेर आलं की शिरेवरचा दाब सुटतो, पण भुलीचा असर पुढं काही वेळ राहतो, त्यामुळं वॉर्डात आल्यावर आत्या-मावशी "बस की जरा उठून" म्हणाल्या तरी सिस्टरना विचारल्याशिवाय उठायचं नाही.