पंधरा वर्षांची रेघ

ठाण्यात कुणी एमएच-०४ ची वीस वर्षं जुनी गाडी रोज चालवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'पंधरा वर्षांनंतर चालते का?' चालते. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केलेली बंदी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरती होती. आपल्याकडे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो तेच: पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपते, मग गाडी आरटीओत दाखवायची आणि दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यायचं.

एके काळी जुनी गाडी ही निवड नव्हतीच. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फिएट बापाकडून मुलाकडे जाई. ती टिकलीही, कारण तिच्यात लपलेलं काही नव्हतं. ठिणगीचे पॉइंट घासा, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर उघडून साफ करा, पावसात प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण फडक्याने पुसा. निम्मी कामं मालकच करायचा. उरलेल्यांसाठी कुर्ल्याचं भंगार होतंच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पण बोनेटखालची भाषा बदलली नाही.

बदलली ती २००० च्या आसपास. धुराचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. आता बिघाड कानाने ऐकून कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. माझ्या मते जुन्या गाडीचं आयुष्य इंजिनापेक्षा इथेच ठरू लागलं: बिघडलेला सेन्सर नवा मिळतो का, आणि गल्लीतल्या मेकॅनिकला तो समजतो का. (खाडीच्या वाऱ्याने खालून लागणारा गंज वेगळाच, त्याला ना कायदा लागतो, ना स्कॅनर.)

सरकारनेही बंदी घातली नाही, पैसे वाढवले. आधी पर्यावरण कर आला. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून थेट ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. पंपावरही आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनलेलेच नव्हते, म्हणून हल्ली सर्व्हिसिंगला गेलं की ऑइलच्या आधी पेट्रोलचा पाइप हाताने चेपून बघतात.