एनसीचा कागद म्हणजे एफआयआर नव्हे

नागपुरात महाल किंवा इतवारीत गाडी लावण्यावरून मारहाण झाली, ठाणे अंमलदाराने तक्रार लिहून घेऊन शिक्का मारलेली प्रत हाती दिली, की बहुतेक माणसे ‘केस झाली’ असे समजून घरी जातात आणि पोलीस आरोपीला कधी बोलावतात याची वाट पाहत बसतात. प्रत्यक्षात त्या कागदाच्या माथ्यावर ‘प्रथम खबर’ छापले आहे की ‘अदखलपात्र’ (एनसी), यावर तपास होणार की नाही हे ठरते.

प्रथम खबर, म्हणजेच एफआयआर, दखलपात्र गुन्ह्याची असते, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तिची प्रत तक्रारदाराला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते, आणि कलम 193 प्रमाणे तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. घटना उमरेडला घडली असली तरी नागपुरातले ठाणे ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवू शकत नाही.

एनसीचे, म्हणजे अदखलपात्र नोंदीचे, तसे नाही. कलम 174 नुसार पोलीस मजकूर नोंदवतात आणि तक्रारदाराला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. त्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करताच येत नाही. हे तोंडी, समजेल अशा शब्दांत सांगणे ठाण्याचे कर्तव्य आहे असे मला ठामपणे वाटते, कारण ते न सांगितल्यामुळे मार खाल्लेला माणूस महिनोन्‌महिने न होणाऱ्या तपासाची वाट पाहतो.

सर्वाधिक गोंधळ दुखापतीच्या प्रकरणांत होतो. साधी दुखापत (भारतीय न्याय संहिता, कलम 115) अदखलपात्र आहे. हाड मोडणे किंवा निखळणे, दात पडणे ही मात्र गंभीर दुखापत, आणि ती दखलपात्र. रात्री मनगट नुसते सुजलेले दिसते म्हणून एनसी होते आणि दोन दिवसांनी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढल्यावर हाडाला चीर गेल्याचे कळते. अशा वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून त्याच ठाण्यात लेखी पुरवणी जबाब द्यावा, आधीच्या एनसीचा क्रमांक त्यात लिहावा आणि पोच घ्यावी. मारताना लोखंडी रॉड किंवा चाकू वापरला असेल तर जखम किरकोळ असूनही गुन्हा दखलपात्र ठरू शकतो, म्हणून हत्याराचा उल्लेख पहिल्याच जबाबात आला पाहिजे. एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तरी सगळे प्रकरण दखलपात्र मानले जाते.

तक्रारीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये दिला. तरीही नकार मिळाला, तर शहरात पोलीस उपायुक्तांना आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवावी. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

प्रकरण खरोखरच अदखलपात्र असेल, तर तारखेकडे लक्ष असू द्यावे. साध्या दुखापतीला जास्तीत जास्त एक वर्ष कैद आहे, आणि अशा गुन्ह्याची दखल घेण्याची न्यायालयाची मुदतही साधारणपणे घटनेपासून एक वर्षाचीच आहे.