मुंबई-गोवा क्रूझला पासपोर्ट लागत नाही

बॅलार्ड पिअरहून क्रूझने गोव्याला निघणाऱ्यांना हमखास सल्ला मिळतो: ‘जहाज १२ सागरी मैलांपलीकडे गेलं की परदेशच, पासपोर्ट घ्या.’ हे खरं नाही. १२ मैलांवर आपला प्रादेशिक समुद्र संपतो, पण तिथे दुसरा देश सुरू होत नाही. इमिग्रेशनचा शिक्का परदेशी बंदरासाठी असतो. मुंबई-गोवा हा देशांतर्गत प्रवास. भारतीय नागरिकाला आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना पुरतो. मात्र त्यावरचं नाव तिकिटाशी जुळायला हवं. या गैरसमजापायी घरात पासपोर्ट नाही म्हणून आजीआजोबांना मागे ठेवतात, याचं फार वाईट वाटतं. (परदेशी नागरिकांना मात्र पासपोर्ट-व्हिसा लागतोच. लक्षद्वीपला आपल्यालाही प्रवेश परवाना हवा.)

धक्क्यावर बॅगा स्कॅन होतात ती सुरक्षा तपासणी, कस्टम्सची (सीमाशुल्काची) नव्हे. गोव्याच्या काजूंवर कसली ड्युटी? दारूचं वेगळं आहे. गोव्यातली बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, पण तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली. तिथे कस्टम्सचा नव्हे, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा संबंध येतो.

प्रवास विम्याची कायदेशीर सक्ती नाही. तरी ज्येष्ठ सोबत असतील तर काढाच. जहाजावर डॉक्टर असतो, मोठं रुग्णालय नसतं, आणि भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर हलवणं प्रचंड खर्चिक असतं. तो खर्च तुमच्या नेहमीच्या आरोग्य विम्यात बसतो का, हे तिकीट काढण्याआधी विमा कंपनीकडून लेखी घ्या.